मालिका संपल्यावर पुढे काय? सोलापूरच्या एका अक्काला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर देण्याआधी तो थोडक्यात मांडतो. धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू बोलतात, वडिलांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. एम.कॉम.चं पहिलं वर्ष अर्धवट सोडून तो मुंबईला गेला आणि गेले आठ महिने एका रोजच्या मालिकेत नायिकेच्या भावाचं काम करतोय. आता मालिकेची वेळ बदलणार, कदाचित ती बंदच होणार, अशी कुजबुज सेटवर आहे. वडील मात्र त्याच्या कमाईच्या भरवशावर जुळे सोलापुरात फ्लॅट बुक करायला निघालेत. तुम्ही विचारलंय की या क्षेत्रात माणूस किती वर्षं टिकतो, त्याला पुन्हा शिकायला लावावं का, आणि मालिका बंद झाली तर त्याला घरी बोलवावं का.

मी सोलापूरचाच. २००४ साली सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेलो, अकरा वर्षं मालिकांमधून कामं केली आणि त्यानंतर आजपर्यंत कास्टिंगमध्ये, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडायच्या कामात आहे. म्हणजे आधी फोनची वाट बघत बसायचो, आता फोन मी करतो. दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे, त्यावरून लिहितो.

‘किती वर्षं टिकतो’ याला सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. वय, चेहरा, घरची परिस्थिती, मुंबईत डोक्यावर छप्पर कुणाचं, पहिली मालिका किती चालली, त्यात याचं काम लोकांच्या लक्षात राहिलं का, अशा बऱ्याच गोष्टींवर ते ठरतं. पण माझ्या पाहण्यात पोरं मालिका चालू असताना मोडत नाहीत. एक मालिका संपते आणि दुसरी मिळत नाही, त्या मधल्या महिन्यांत मोडतात. तो काळ चार महिन्यांचा असेल, कधी वर्षाचाही. तुमचा खरा प्रश्न त्या काळाचा आहे. आणि त्याची तयारी मालिका चालू असतानाच करावी लागते, म्हणजे आत्ता, या महिन्यात.

आधी पैशाचं बघू, कारण घरात वाद त्यावरूनच चाललाय.

मालिकेतल्या नटाला पगार नसतो. ‘पर डे’ असतो. जितके दिवस शूटिंगला बोलावलं तितक्याच दिवसांचे पैसे. तेही लगेच येत नाहीत. बहुतेक ठिकाणी बिल दिल्यापासून ९० दिवसांनी येतात. हे वडिलांना समजावायला तुम्हाला अवघड जाऊ नये. टॉवेलची ऑर्डर गेली तरी व्यापाऱ्याकडून पेमेंट कधी सुटतं, आणि तोवर सुताचे पैसे कुठून भरायचे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. भावाचा धंदाही त्याच जातीचा आहे. आज ऑर्डर आहे, उद्याची खात्री नाही, आणि पैसे उधारीवर.

आता हिशेब घालून बघा. आकडे मी नमुन्याला घेतोय, तुम्ही भावाचे खरे आकडे टाका. समजा पर डे ४,००० रुपये आणि महिन्याला १५ दिवस काम. झाले ६०,०००. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, जातो, ६,०००. काम कोऑर्डिनेटरकडून मिळालं असेल आणि त्याचं कमिशन १० टक्के ठरलं असेल, तर आणखी ६,०००. हातात ४८,०००. मालाड-गोरेगावकडे दोघा-तिघांत भाड्याची खोली, जेवण, रिक्षा, फोन, जिम मिळून २६,००० धरा. उरले २२,०००. वडिलांना वाटतं यातून फ्लॅटचा हप्ता निघेल. १५ दिवसांच्या महिन्यात निघेलही.

पण त्याच मालिकेत एखाद्या महिन्यात याच्या पात्राला काही करायलाच नसतं. कथा नायिकेच्या सासरी वळली की माहेरचा भाऊ घरात बसला. शिवाय एका दिवशी किती कलाकार बोलवायचे याला बजेटची मर्यादा असते, त्यामुळे दुय्यम पात्रांचे सगळे सीन एकत्र गोळा करून दोन-तीन दिवसांत उरकतात. समजा त्या महिन्यात ६ दिवस झाले. २४,००० मिळाले, टीडीएस आणि कमिशन वजा जाता १९,२००. मुंबईचा खर्च तोच २६,०००. म्हणजे हप्ता भरायच्या आधीच ६,८०० रुपये कमी.

मालिका संपल्यावरही तीनेक महिने जुन्या कामाचे पैसे खात्यात येत राहतात, आणि पोरं इथेच फसतात. काम बंद, पण पैसे चालू, म्हणून हात आखडला जात नाही. काम थांबल्याचं खिशाला कळेपर्यंत तीन महिने निघून गेलेले असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की त्याच्या नावावर किंवा त्याच्या भरवशावर आत्ता कुठलाही हप्ता सुरू करू नका. फ्लॅटचा नको, चारचाकीचा नको, कारखान्यासाठी नवीन मागाचाही नको. आधी आठ महिन्यांचा मुंबईचा खर्च वेगळ्या खात्यात पडू द्या. वरच्या हिशेबाने तो २,०८,००० होतो आणि दर महिन्याला २२,००० बाजूला पडले तरी त्याला जवळजवळ दहा महिने लागतात. याचा अर्थ आठ महिन्यांच्या मालिकेने त्याला अजून पुढच्या रिकाम्या काळापुरतंही पूर्ण उभं केलेलं नाही. तसंही एकट्याच्या अशा कमाईवर घराचं कर्ज मागायला गेलात तर बँक बहुधा दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते. तीच तयारी आता सुरू करा. चांगला सी.ए. गाठून रिटर्न भरा. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर कापलेला टीडीएस परत मिळतो, आणि कित्येक पोरं तो मागतच नाहीत.

आणखी एक सवय त्याला आजच लावा. रोजची वही. तारीख, कॉल टाइम म्हणजे सेटवर बोलावल्याची वेळ, सेटवर पोचल्याची वेळ, पॅकअपची वेळ, किती सीन झाले. शिफ्ट बारा तासांची असते आणि त्यापुढे गेलेला वेळ फक्त वहीतच राहतो. माझ्या पहिल्या मालिकेच्या निर्मात्याकडून शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे मला आजपर्यंत मिळालेले नाहीत. नेमके किती दिवस काम केलं ते मला सांगता आलं नाही, कारण लिहिलेलं काही नव्हतं. वही असती तर ‘सिंटा’कडे, म्हणजे कलाकारांच्या संघटनेकडे, तक्रार घेऊन जाता आलं असतं. थकलेल्या पैशांच्या तक्रारी तिथे घेतल्या जातात. भावाने सभासदत्व घेतलं नसेल तर चौकशी करायला सांगा.

ॲग्रीमेंटही एकदा तुम्ही स्वतः वाचा. कॉमर्स शिकलेल्या घराला ते जड जाणार नाही. तीन कलमं शोधा. मालिका चालू असताना दुसरीकडे काम करायला परवानगी लागते का. त्याला सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, आणि त्यांना याला काढायचं झालं तर किती. इव्हेंटला जाताना वाहिनीला विचारावं लागतं का. गणपती, दहीहंडी, नवरात्रात दांडिया अशा ठिकाणी या पोरांना बोलावणी येतात, पैसेही बरे मिळतात, पण न विचारता गेलं की मग सेटवर तोंडं वाकडी होतात.

आता मालिका बंद होण्याच्या कुजबुजीबद्दल. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कुठली मालिका किती लोकांनी पाहिली याचे, टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर सेटची हवा बदलते. आकडा पडला की कथा वळवतात, नवीन पात्र आणतात, वेळ बदलतात. या सगळ्यात तुमच्या भावाचा हात कुठेच नाही, हे त्याला कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं. तेविसाव्या वर्षी माणूस ते स्वतःवर ओढून घेतो. मीही घेतलं होतं.

तेव्हा मी नायिकेच्या दिराचं काम करत होतो. मालिकेला चौदा महिने झाले होते. एका दुपारी मेकअप रूमबाहेर कलाविभागातला एक पोरगा आला आणि म्हणाला, ‘दादा, एक फोटो द्या ना. सरळ समोर बघणारा, मागे काही नको.’ मला वाटलं प्रसिद्धीसाठी हवाय. चांगला इस्त्रीचा आकाशी शर्ट घातलेला फोटो होता, तो दिला. दोन दिवसांनी सेटवर गेलो तर दिवाणखान्याच्या भिंतीवर तो मोठा करून लावलेला. चंदनाचा हार घातलेला, खाली लहानशी समई. समईत तेल अजून घातलेलं नव्हतं. माझा अपघाती मृत्यू ठरला होता आणि तो मला सांगायचा राहून गेला होता. माझी आई म्हणून काम करणाऱ्या बाईंनी माझा हात धरून मला बाहेर नेलं आणि म्हणाल्या, ‘जेवून घे आधी.’

त्यानंतर अकरा महिने मला काम नव्हतं. नवी पेठेत कुणी भेटलं की विचारायचं, ‘आता कुठल्या मालिकेत?’ मी म्हणायचो, ‘बोलणं चालू आहे.’ बोलणं कुणाशीच चालू नव्हतं. ते एक वाक्य टाळायला मी सोलापूरला यायचंच बंद केलं. गड्ड्याची जत्रा चुकवली, चुलतभावाचं लग्न चुकवलं. आई कुणाबरोबर तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवायची. कडक भाकरी महिनाभर टिकते, आणि शेवटच्या आठवड्यात मी तिच्यावरच दिवस काढलेत. हे आईला कळू दिलं नाही. आज वाटतं की तेव्हा घरी सांगायला हवं होतं. म्हणूनच तुम्ही हा प्रश्न मालिका चालू असताना विचारला, याचं मला फार बरं वाटलं.

कामाकडे येतो. हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग आहे, तेव्हा थोडं लांबेल.

रोजची मालिका नटाला खूप काही शिकवते. कॅमेऱ्याची भीती जाते, पाठांतर वाढतं, दिवसाला सात-आठ सीन करायचा दम येतो. सीनचा कागद कधी कधी मेकअप चालू असताना हातात पडतो आणि वीस मिनिटांत उभं राहावं लागतं. क्लोजअपच्या वेळी समोरचा कलाकार पॅकअप होऊन गेलेला असतो. त्याच्या जागी असिस्टंट डायरेक्टर सपाट आवाजात त्याची वाक्यं वाचतो आणि हा लाइटच्या स्टँडला चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे बघून बहिणीच्या पाठवणीला रडतो. हे येणं मोठी गोष्ट आहे. नाटकातला कसलेला नटही पहिल्या दिवशी इथे गडबडतो.

पण तीच मालिका काही सवयी लावते आणि त्या अंगात मुरल्या की पुढचं काम अडतं. सर्वांत मोठी सवय म्हणजे पार्श्वसंगीतासाठी जागा सोडून बोलणं. वाक्य, थांबणं, मान वळवणं, बघणं, मग पुढचं वाक्य. मालिकेत त्या रिकाम्या जागेत संगीत भरतात. तोच मुलगा वेब सिरीजच्या किंवा चित्रपटाच्या ऑडिशनला येतो तेव्हा संगीत नसतं आणि ती जागा नुसती उघडी पडते. माझ्याकडे दर महिन्याला अशी पोरं येतात. मी एकच गोष्ट करायला लावतो. दोन माणसांचा दहा मिनिटांचा प्रवेश, न थांबता, जेवता जेवता करायचा. ताटात खरी भाकरी, खरी आमटी. तोंडात घास असताना नजरा टाकत थांबता येत नाही. समोरच्याचं ऐकून बोलावंच लागतं. आठ दिवसांत फरक दिसतो. भावाला खोलीतल्या मित्राबरोबर हे करायला सांगा, फुकटचं आहे.

भाषेबद्दल तुम्ही काळजी लिहिलीत की घरी तेलुगू असल्याने त्याच्या मराठीला सेटवर टोकतात. पूर्व भागातल्या मुलांबरोबर मी बरंच काम केलंय. त्यांचं ‘ख’, ‘घ’, ‘भ’ कधी कधी सैल पडतं, ‘भाऊ’चं ‘बाऊ’ होतं. त्यावर रोज अर्धा तास मोठ्याने वाचन हाच उपाय आहे. वर्तमानपत्रातला अग्रलेख, आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐकायचा. तीन-चार महिन्यांत सुधारतं. पण त्या नादात आपलं सोलापुरी टाकून देऊ नको म्हणावं. ‘काय करायलास बे’ हे ज्याच्या तोंडून सहज येतं तो नट आज हवा आहे. एकेकाळी मालिकेतलं प्रत्येक घर पुण्या-मुंबईच्या मराठीत बोलायचं. २०१६ ला ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापूरची बोली रोजच्या मालिकेत नायकाच्या तोंडी घातली, २०१७ ला ‘लागिरं झालं जी’ने साताऱ्याची. त्याच २०१६ मध्ये ‘सैराट’मधली आपल्या अकलूजची रिंकू राजगुरू जशी बोलली तशीच उभ्या महाराष्ट्राने ऐकली. प्रमाण मराठी स्वच्छ यावी आणि बोलीही राखावी. दोन्ही लागतात.

आणि तेलुगू येणं हे त्याचं भांडवल आहे. सोलापूरच्या पोरांच्या कानावर लहानपणापासून मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू पडते. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण मुंबईत असा कान दुर्मिळ आहे. तेलुगू चित्रपटांच्या हिंदी-मराठी डबिंगचं काम भरपूर निघतं आणि मूळ वाक्य समजून बोलणारा आवाज तिथे उपयोगी पडतो. त्यात चेहरा दिसत नाही म्हणून नवी पोरं नाक मुरडतात. माझा सल्ला आहे की सुट्टीच्या दिवशी डबिंग स्टुडिओत जाऊन आवाजाचे नमुने देऊन यावेत, अर्थात ॲग्रीमेंटमध्ये बसत असेल तर. मधल्या काळात भाडं निघतं आणि वाचा शाबूत राहते.

नाटकाचंही तेच. मालिका संपली की प्रायोगिक असो, व्यावसायिक असो, मिळेल त्या तालमीत उभं राहावं. व्यावसायिक नाटकात दर प्रयोगाची ‘नाईट’, म्हणजे मानधन, मिळते. सुरुवातीला ती थोडी असते, पण तालमीत महिनाभर एकच माणूस उकरून काढायला मिळतो, आणि मालिकेत नेमकं तेच मिळत नाही. आपल्याकडच्याच अतुल कुलकर्णींचं बघा. सोलापुरात नाटक करत करत ते दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, १९९५ ला तिथून बाहेर पडले. ज्या ‘हे राम’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो चित्रपट आला २००० साली. मध्ये पाच वर्षं आहेत. आपण पुरस्काराचं साल लक्षात ठेवतो. भावाला त्या मधल्या पाच वर्षांबद्दल सांगा.

आता कास्टिंगच्या बाजूने आतली गोष्ट सांगतो. एखाद्या भूमिकेसाठी चार नावं समोर आली की मी ऑडिशन बघायच्या आधी फोन करतो. आधीच्या मालिकेच्या कार्यकारी निर्मात्याला, किंवा ओळखीच्या असिस्टंट डायरेक्टरला. एवढंच विचारतो, ‘कसा आहे?’ समोरून लगेच ‘गुणी पोरगा आहे’ असं आलं तर अर्धं काम झालं. समोरचा क्षणभर गप्प झाला तरी मला कळतं. कॉल टाइम सातचा असताना पावणेसातला येणारा, स्पॉटदादांना नावाने हाक मारणारा, कंटिन्युइटी स्वतः लक्षात ठेवणारा, म्हणजे कालच्या सीनमध्ये घड्याळ कुठल्या हातात होतं ते सांगणारा मुलगा, दुसरं काम लवकर मिळवतो. अभिनय उन्नीस-बीस असला तरी.

मालिका खरंच बंद होणार असेल तर शेवटच्या महिन्यातली कामं आत्ताच सांगून ठेवतो. सर्वांत आधी त्याचे चांगले सीन वाहिनीच्या ॲपवरून शोधून दोन मिनिटांची रील करून ठेवावी. एक रागाचा, एक हलकाफुलका, एक ऐकून घेणारा. ऐकून घेणारा सीन लोक विसरतात, मी तोच आधी बघतो. दुसरं, मेकअपशिवाय साध्या उजेडात फोटो काढावेत. मालिकेतला कुरळ्या केसांचा भाऊ आम्हाला माहीत असतो, त्याखेरीज हा कसा दिसतो ते आम्हाला बघायचं असतं. तिसरं, ज्यांच्याशी ओळख झाली त्यांना मालिका चालू असतानाच भेटून यावं. चालू मालिकेतल्या मुलाचा फोन लोक उचलतात. आणि ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याच्या वाटेला कधीही जाऊ नये. खरी ऑडिशन फुकट असते. नोंदणी फी, पोर्टफोलिओ फी, कार्डाची फी असं काहीही कुणी मागितलं की तिथून उठायचं.

बंद पडलेल्या मालिकेतल्या भावाला पुढचे पाच फोन भावाच्याच भूमिकेचे येतात. घ्यावेत का? इथे खरंच परिस्थितीवर आहे. खात्यात आठ महिन्यांचा खर्च असेल तर दोन नाकारून तिसऱ्या वेगळ्या भूमिकेची वाट बघता येते. नसेल तर पहिलीच घ्यावी लागते. मगाशी हप्त्याबद्दल एवढं लांबण लावलं ते यासाठी. फ्लॅट आज बुक केला तर पुढची दहा वर्षं याने कुठल्या भूमिका करायच्या हे बँकेचा हप्ता ठरवेल.

शिक्षणाचं विचारलंत. एम.कॉम. पूर्ण करावं असं मला वाटतं, पण त्यासाठी मुंबई सोडू नये. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणी बाहेरून शिकता येतं का ते बघा. त्याने नोकरी शोधावी म्हणून मी हे म्हणत नाही. रिकाम्या काळात सकाळी उठून करायचं काहीतरी ठरलेलं असणं माणसाला सावरतं, आणि परीक्षेची तारीख कुणाच्या टीआरपीवर हलत नाही. डॉ. श्रीराम लागू १९६९ पर्यंत कान-नाक-घशाचे डॉक्टर होते आणि त्यानंतर पूर्णवेळ नट झाले. त्यांचं शिक्षण त्यांच्या नटपणाच्या आड आलं नाही. पण त्याने मनापासून नको म्हटलं तर ओढाताण करू नका. एखादी गोष्ट हाताशी असावी एवढंच माझं म्हणणं आहे, मग ती डबिंग असो, हिशेबाचं काम असो की मुलांना नाटक शिकवणं असो.

तब्येतीचंही एक लिहितो. बारा तासांची शिफ्ट, घोडबंदरकडचा किंवा नायगावचा सेट असेल तर वर जाण्या-येण्याचे दोन-तीन तास. झोप पाच तासांवर येते. त्यात रात्री पडल्या पडल्या हा स्वतःबद्दलच्या कमेंट वाचत असणार. तुम्ही लिहिलंत की तुम्हीही वाचता आणि त्याला पाठवता. ताई, ते बंद करा. चांगल्याही पाठवू नका. त्याला घरचं काहीतरी पाठवा. कारखान्यात आज कुठला माल लागलाय, आईने काय केलंय, गल्लीत काय झालं. सेटवर दिवसभर त्याच्या चेहऱ्याबद्दलच बोलणं चालतं. तुमच्याशी बोलताना तरी त्याला दुसरं काही ऐकायला मिळू द्या.

वडिलांना कसं सांगायचं तेही तुम्हाला पडलंय. त्यांना असं विचारा की एका व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर आली म्हणून तुम्ही कधी कर्ज काढून बंगला बांधला का? नाही बांधला, त्या पैशातून सूत भरून ठेवलं असणार. भावाचे पहिल्या मालिकेचे पैसे म्हणजे पुढच्या कामाचं सूत आहे. माझे वडील गिरणीत होते. त्यांना माझं काम कधी कळलं नाही, पण ‘तीन महिन्यांनी पगार होतो’ एवढं सांगितल्यावर ते गप्प झाले आणि त्या दिवसापासून ‘पैसे पाठव’ म्हणाले नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मालिका बंद झाली तर घरी बोलवू का. बोलवा. त्याने नको म्हटलं तरी बोलवा, कारण मी आलो नाही आणि त्याची किंमत मोजली. आल्यावर पहिले दोन दिवस त्याला झोपू द्या, पुढचं काही विचारू नका. पाहुण्यांनी विचारलं तर ‘मालिका संपली, सुट्टीवर आलाय’ असं तुम्हीच त्याच्या आधी सांगून टाका, म्हणजे त्याला खोटं बोलावं लागणार नाही. संध्याकाळी तलावाकडे फिरायला न्या. हुतात्मा स्मृती मंदिरात त्या आठवड्यात कुणाचा प्रयोग असेल तर तो दोघांनी बघा. आणि बोलवताना एकाच तिकिटावर बोलवू नका. येण्याचं काढाल त्याच दिवशी दहा दिवसांनंतरचं सिद्धेश्वरचं परतीचंही काढा, आणि ते त्याच्या हातात द्या.